पाचपैकी अडीच तारे: पीआरची फाइल, ब्रॅम्प्टनचं ऑफिस आणि माझे ३,८४२ डॉलर

कॅनडाचं पीआर कार्ड, म्हणजे कायम निवासाचं, पोस्टाने घरी आलं, त्याच संध्याकाळी माझी फाइल करणाऱ्या इमिग्रेशन सल्लागाराच्या ऑफिसचा व्हॉट्सॲप आला. ‘मॅडम, अभिनंदन! आमच्यासाठी पाच तारे नक्की द्या.’ पुढे हात जोडलेले तीन इमोजी. कार्ड आल्याचं मी त्यांना कळवलं नव्हतं. तारखांवरून अंदाज बांधून पाठवला असणार. तारे द्यायचे तर हिशेबासकट द्यावेत, म्हणून हे लिहायला बसले. ऑफिसचं नाव घेत नाही. नाव घेतलं की वाचणारा तेवढं एक दार टाळतो आणि शेजारच्या दारात जाऊन तोच करार सही करतो.

आधी माझी केस. मेकॅनिकलमध्ये बीई, मग दोन वर्षं एमपीएससी (निकाल विचारू नका), मग दोन वर्षं सात महिने एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात नोकरी. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑन्टॅरिओतल्या लंडनला आले, सरकारी कॉलेजातला दोन वर्षांचा डिप्लोमा एप्रिल २०२३ मध्ये संपवला आणि तीन वर्षांचं पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिक्षणानंतरचं वर्क परमिट, मिळवलं. १७ जुलै २०२३ पासून केंब्रिजमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करते, राहते किचनरला. लग्न नाही, मागे कुठला व्हिसा नाकारलेला नाही, पोलिसात नाव नाही. इतकी सरळ केस असताना सल्लागाराकडे गेलीस कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच: घाबरले होते.

२०२४ च्या जानेवारीत सरकारने स्टुडंट परमिटवर मर्यादा जाहीर केली आणि आमच्या घरातल्या पाचही जणींची झोप उडाली. आम्हाला परमिट मिळून गेलेलं होतं, त्या निर्णयाचा आमच्याशी थेट संबंध नव्हता, पण भीती एवढं बघत नाही. शिवाय सल्ले देणारे चहूकडे. (पीआरसाठी आपलं प्रोफाइल एक्स्प्रेस एंट्रीच्या पूलमध्ये टाकायचं, त्याला गुण मिळतात, आणि सरकार मधूनमधून ड्रॉ काढून कटऑफ गाठणाऱ्यांना अर्जाचं बोलावणं पाठवतं.) घरमालकाचा भाचा १३ फेब्रुवारी २०२१ च्या त्या प्रसिद्ध ड्रॉमध्ये लागलेला, ज्यात कटऑफ ७५ वर आला होता आणि एका दिवसात २७,३३२ जणांना बोलावणं गेलं होतं. तो अजूनही सगळ्यांना सांगतो, ‘टेन्शन नको घेऊ, आपोआप होतं.’ त्या दिवशी लागलेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये. मी पाहत होते ते फेब्रुवारी २०२४ चे सर्वसाधारण ड्रॉ ५३५ आणि ५३४ वर चालले होते.

म्हणून एका शनिवारी गो बस पकडून ब्रॅम्प्टनला गेले. प्लाझाचा दुसरा मजला, काचेवर मेपलचं पान, आत आठ टेबलं आणि एक बंद केबिन. पॅकेज ३,४०० डॉलर, त्यावर १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, एकूण ३,८४२. सहीला १,५००, प्रोफाइल पूलमध्ये गेल्यावर ९००, बोलावणं आल्यावर १,०००. कर ज्या त्या हप्त्यावर. सरकारी फी, वैद्यकीय तपासणी, पदवीचं मूल्यांकन, आयेल्ट्सची इंग्रजी परीक्षा हे सगळं आपल्याच खिशातून. करार लेखी होता, ही चांगली गोष्ट. करारात ‘भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे वाक्य ठळक होतं आणि ऑफिस नेमकं काय काय करणार हे बारीक अक्षरात.

केबिनमध्ये बसणाऱ्या बाईंकडे लायसन्स होतं. आर अक्षराने सुरू होणारा तो नंबर मी बसमध्येच कॉलेजच्या रजिस्टरवर तपासला होता. हे शिकायचं कॉलेज नव्हे. कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स ही नोव्हेंबर २०२१ पासून सल्लागारांवर देखरेख करणारी संस्था आहे आणि तिच्या साइटवर कोणाचंही लायसन्स चालू आहे की निलंबित, हे फुकट दिसतं. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर कायद्याने माणूस एकतर वकील किंवा लॉ सोसायटीचा पॅरालीगल हवा, नाहीतर क्वेबेकचा नोटरी, नाहीतर या कॉलेजचा सदस्य. बाकी कोणी पैसे मागितले की उठून यावं. माझ्या ओळखीतल्या दोघी हे न बघता पैसे देऊन बसल्या होत्या.

त्या बाईंबरोबरची चाळीस मिनिटं ही संपूर्ण व्यवहारातली सर्वोत्तम चाळीस मिनिटं. त्या जे बोलल्या ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही ते लागू पडेल.

कंपनीत माझं पद ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’. बाईंनी विचारलं, ‘पद सोडा. सकाळी सातला आत गेल्यापासून तीनपर्यंत तुम्ही काय करता ते सांगा.’ मी सांगायला लागले. पहिले दोन तास कोऑर्डिनेट मशिनवर नवीन बॅचचे पाच नग मोजायचे, आकडे शीटवर चढवायचे, आलेख वर सरकायला लागला तर प्रॉडक्शनला थांबवायचं. गेज बरोबर दाखवतात का याची दर महिन्याला चाचणी घ्यायची. नवा भाग सुरू होणार असेल तर ग्राहकाला पाठवायच्या मंजुरीच्या कागदांचा गठ्ठा तयार करायचा. मालात दोष निघाला तर कारण शोधायच्या बैठकीत बसायचं. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘इन्स्पेक्टर या शब्दाने तुमचं नुकसान होईल.’

कॅनडात प्रत्येक कामाला पाच आकडी कोड असतो. त्याला एनओसी म्हणतात. आपल्याकडच्या ‘ना हरकत’वाल्या एनओसीशी त्याचा काही संबंध नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरोखरच कंपनीकडून ना हरकत आणायची असं समजले होते. कोडचा दुसरा आकडा म्हणजे टीअर, कामाचा दर्जा. शून्य ते तीन असेल तर अनुभव एक्स्प्रेस एंट्रीत धरतात, चार-पाच असेल तर नाही. गाड्यांची जुळणी आणि तपासणी करणाऱ्यांचा कोड ९४२००. दुसरा आकडा चार, विषय संपला. उत्पादन तंत्रज्ञांचा कोड २२३०२. दुसरा आकडा दोन, दार उघडं. यंत्रासमोर उभी असलेली व्यक्ती तीच, टोपी तीच, पगार तोच. फरक पडतो तो कंपनीच्या पत्रात काय लिहिलंय याने. अधिकारी पदाच्या नावापेक्षा कामांची यादी वाचतो.

आता आमच्या एचआरचं पत्र म्हणजे चार ओळी: अमुक तारखेपासून नोकरीला, पद इन्स्पेक्टर, पूर्णवेळ, शुभेच्छा. कामं लिहून देणं ‘धोरणात बसत नाही’. बाईंनी यावर मार्ग सांगितला. एचआरचं पत्र जसं मिळतं तसं घ्या, पण त्यात आठवड्याचे तास आणि वार्षिक पगार येईल एवढं बघा. कामांचं वेगळं पत्र सुपरवायझरकडून घ्या, त्याच्या सहीचं, त्याचा फोन आणि ईमेल असलेलं. जोडीला पगारपत्रकं, टी-फोर (वर्षभराच्या पगाराची आणि कापलेल्या कराची स्लिप), कराची नोटीस, आणि एचआर यादी का देत नाही हे सांगणारं आपलं स्वतःचं अर्ध्या पानाचं पत्र. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सरकारी साइटवरची कामांची वाक्यं उचलून पत्रात चिकटवू नका. अधिकाऱ्याने ती वाक्यं दिवसातून वीसदा वाचलेली असतात.

माझा सुपरवायझर निवृत्तीला आलेला, तीस वर्षं त्याच छताखाली काढलेला माणूस. त्याला मी मुद्दे लिहून दिले. त्याने ते बाजूला ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने पत्र लिहून काढलं. त्यात एक वाक्य होतं: ही बाई लाइन थांबवते तेव्हा मी कारण विचारत नाही. टाइप करून सही घेतली तेव्हा ते वाक्य ठेवू की काढू यावर मी दोन दिवस घालवले. ठेवलं.

इथपर्यंत ऑफिसला पाचपैकी पाच.

त्यानंतर बाई परत भेटल्या नाहीत. माझी फाइल बाहेरच्या आठ टेबलांपैकी एकावर गेली. तिथला मुलगा नम्र होता, फोन लगेच उचलायचा, ‘मॅडम टेन्शन नॉट’ हे त्याचं पालुपद. पण त्याच्याकडे एकच चेकलिस्ट होती आणि ती तो सगळ्यांना पाठवायचा. त्यात माझ्या लग्नाचं प्रमाणपत्र होतं. मुलांचे जन्मदाखले होते. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि शिल्लक रकमेचं बँकेचं पत्र होतं, ज्यासाठी मी कामावरून अर्धी सुट्टी काढून बँकेत गेले. नंतर कळलं, मी ज्या गटातून अर्ज करणार त्या सीईसीला, म्हणजे कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासला, पुरेसे पैसे असल्याचा पुरावा लागतच नाही. तो बाहेरून येणाऱ्या स्किल्ड वर्करना लागतो. सिस्टिम कागद मागते, तिथे ‘मी सीईसीतून अर्ज करत आहे’ असं एका ओळीचं पत्र टाकायचं असतं. अर्ध्या दिवसाचा पगार गेला तो गेला.

मार्चच्या मध्यावर त्याने प्रोफाइलचा मसुदा सहीला पाठवला. रात्रपाळी करून आले होते, सही करून झोपणार होते. सहज म्हणून तारखा चाळल्या. ‘कॅनडातला अनुभव: १ वर्ष.’ माझ्या नोकरीला तेव्हा आठ महिने झाले होते. पुढच्या पानावर बघितलं तर मे ते ऑगस्ट २०२२ चे चार महिने जोडलेले, डिप्लोमाच्या को-ऑपचे, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत केलेल्या कामाचे. आठ आणि चार बारा. गणित चोख होतं.

नियम असा की पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम या वर्षात धरत नाहीत, मग ते को-ऑप असो, पगारी असो, कॉलेजनेच लावून दिलेलं असो. सीईसीसाठी १,५६० तास हवेत आणि ते शिक्षणाबाहेरचे. हे मी त्याच पहाटे आयआरसीसीच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर वाचलं. दोन पानं, साधी इंग्रजी. मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, को-ऑप सगळे दाखवतात. कोणी बघत नाही.’

मला राग आला तो चुकीचा नाही. चूक माणसाकडून होते. ‘कोणी बघत नाही’ याचा राग आला. बघितलं तर काय होतं? नसलेल्या अनुभवाचे गुण मोजून बोलावणं आलं आणि तपासणीत ते गळाले, की अर्ज नाकारला जातो. आणि अधिकाऱ्याने ‘हिने चुकीची माहिती दिली’ असं ठरवलं तर पाच वर्षं दार बंद. सही माझी, बंदी माझ्यावर. ऑफिस पुढच्या फाइलला लागणार. गंमत म्हणजे त्या चार महिन्यांनी फायदाही झाला नसता. मार्चमधले दोन्ही सर्वसाधारण ड्रॉ ५२५ आणि ५२४ वर गेले आणि माझे गुण तेवढे भरत नव्हतेच. पण ती तारीख फाइलमध्ये बसून राहिली असती.

तो मुलगा ठाम, मी एकटी, म्हणून स्वतःवरच शंका आली. मग मी एक गोष्ट केली जी सुरुवातीलाच करायला हवी होती. दुसऱ्या एका लायसन्सवाल्या सल्लागाराची एका तासाची वेळ घेतली. व्हिडिओवर, दोनशे डॉलर आणि एचएसटी, २२६. त्यांनी स्क्रीनवर माझा मसुदा उघडला, अकराव्या मिनिटाला को-ऑप खोडायला सांगितलं आणि उरलेल्या वेळात माझे गुण माझ्याकडूनच मोजून घेतले. वय २९ म्हणून ११०. बीई आणि डिप्लोमा मिळून १२८. इंग्रजीचे १२७. कॅनडातलं एक वर्ष, जुलैत पूर्ण होईल तेव्हा, ४०. शिक्षण आणि इंग्रजीच्या जोडीचे ५०. मायदेशातल्या अनुभवाचे ३८. इथल्या डिप्लोमाचे १५. एकूण ५०८.

मग त्यांनी दाखवलं की गुण कुठे सांडले. मायदेशातली नोकरी मी दोन वर्षं सात महिन्यांनी सोडली होती. तीन पूर्ण केली असती तर ३८ चे ५० झाले असते. पाच महिन्यांसाठी बारा गुण! तेव्हा मला निरोपसमारंभाच्या केकची घाई होती. आयेल्ट्समध्ये बोलण्याला ७ होते, ७.५ असते तर आणखी तीन. आणि ११ सप्टेंबरला मी तीस वर्षांची होणार, त्या दिवशी वयाचे पाच गुण जाणार. म्हणजे १७ जुलै ते १० सप्टेंबर एवढीच माझी खिडकी. ब्रॅम्प्टनच्या ऑफिसात तोवर माझी जन्मतारीख फॉर्म भरण्यापुरतीच कोणी विचारली होती.

मुलाला मी लेखी कळवलं, को-ऑप काढा, जुलैपर्यंत थांबा. त्याने काढलं. वाद घातला नाही, हेही नोंदवते.

१८ जुलैला प्रोफाइल पूलमध्ये गेलं. आदल्या दिवशीचा सीईसी ड्रॉ ५१५ वर झाला होता. ३१ जुलैचा ५१० वर. १४ ऑगस्टचा ५०९ वर. माझे ५०८. एका गुणाने मागे राहणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. आईने फोनवर विचारलं, ‘म्हणजे नापास का?’ मी म्हटलं, ‘नाही गं, वेटिंग.’ रेल्वेचं वेटिंग तिला कळतं.

१४ ऑगस्टलाच संध्याकाळी ऑफिसमधून फोन आला. या वेळी तो मुलगा नव्हता, आवाज वेगळा, वयस्क. ‘मॅडम, एका पॉइंटसाठी कशाला थांबता? एलएमआयए करून देतो, पन्नास पॉइंट मिळतील. आमच्या ओळखीचा मालक आहे.’ आकडा सांगितला वीस हजार. एलएमआयए म्हणजे इथला माणूस मिळत नाही म्हणून परदेशी कामगार घेतो, यासाठी मालकाने सरकारकडून घ्यायची परवानगी. तिची हजार डॉलर फी मालकाने भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करणं बेकायदेशीर. हा बाजार सगळ्यांना माहीत होता. म्हणूनच सरकारने २५ मार्च २०२५ ला नोकरीच्या ऑफरचे हे गुणच काढून टाकले. मी त्यांना म्हटलं, ‘हे मला ईमेलवर लिहून पाठवा.’ ईमेल अजून आलेला नाही. केबिनमधल्या बाईंना या फोनची कल्पना होती का, मला माहीत नाही. मी त्यांना लिहिलं, उत्तर आलं नाही. एक तारा इथे गेला, आणि खरं तर दोन जायला हवेत.

२७ ऑगस्टला ड्रॉ झाला. ३,३०० जण, कटऑफ ५०७. मी पाळीवर होते, मोबाइल लॉकरमध्ये. सुट्टीत आकडा बघितला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. पण बोलावणं आलं का हे मला बघता येत नव्हतं, कारण प्रोफाइल ऑफिसच्या प्रतिनिधी-खात्यात होतं आणि सरकारचे निरोप तिकडेच जात होते. हे करार करताना कोणी समजावून सांगत नाही: प्रतिनिधी नेमला की पत्रव्यवहार त्याच्याशी होतो, आपण आपल्याच फाइलला बाहेरून टकटक करत बसतो. मी फोन केला, मेसेज केले. ‘चेक करून सांगतो.’ ३० ऑगस्टला स्क्रीनशॉट आला, सोबत तिसऱ्या हप्त्याची लिंक. साठ दिवसांतले तीन दिवस असे गेले. वाढदिवसाला पंधरा दिवस बाकी असताना ते तीन दिवस मी कसे काढले, ते घरातल्या चौघींना विचारा.

अर्जाचं काम मात्र बऱ्यापैकी झालं. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे मी प्रत्येक पान दोनदा वाचलं म्हणून. दहा वर्षांच्या इतिहासात एमपीएससीची दोन वर्षं त्यांनी कोरी सोडली होती आणि डिप्लोमा संपून नोकरी लागेपर्यंतचे अडीच महिनेही. तिथे महिनाभराचीही फट चालत नाही. घरी बसले होते तर ‘बेरोजगार’ असं सरळ लिहायचं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते लिहिताना मुलगा म्हणाला, ‘मॅडम, चांगलं नाही दिसत.’ मी म्हटलं, ‘दिसू दे.’ सरकारी फी १,५२५ डॉलर, त्यात ९५० अर्जाचे आणि ५७५ कायम निवासाच्या हक्काचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. ३ मार्च २०२५ ला मी पीआर झाले. पाच महिने, एकही जास्तीचा कागद मागितला नाही. सुपरवायझरला फोन गेला होता का, तो सांगत नाही, नुसता हसतो.

तर हे अडीच तारे कसे, ते. बाईंच्या चाळीस मिनिटांना पूर्ण गुण. त्या नसत्या तर मी ९४२०० च्या पत्रावर वर्ष काढलं असतं. टेबलावरच्या कामाला जेमतेम: फॉर्म भरले, पण जे भरलं ते सगळं मीच गोळा केलेलं होतं, आणि जे चुकलं ते मीच पकडलं. एलएमआयएच्या फोनला उणे. ३,८४२ डॉलरमधले माझ्या मते सहाशे-सातशे डॉलर सार्थकी लागले.

कोणी विचारलं तर मी आता असं सांगते. माझ्यासारखी सरळ केस असेल तर पॅकेज घेऊ नका. लायसन्स तपासून, तासावर पैसे घेणारा सल्लागार शोधा, स्वतः भरलेला मसुदा त्याच्यासमोर ठेवा, एकदा प्रोफाइलच्या आधी आणि एकदा अर्ज पाठवायच्या आधी. खातं स्वतःच्या नावावर उघडा. व्हिसा आधी नाकारलेला असेल, परमिट संपून गेलेलं असेल, नवऱ्याचे किंवा बायकोचे कागद गुंत्यातले असतील, तर पूर्ण फाइल द्या आणि शक्यतो वकिलाला द्या. तिथे पैसे वाचवू नयेत. आणि ज्यांचे गुण ४८० च्या आसपास अडकलेत त्यांनी सल्लागारावर घालवायचे पैसे फ्रेंचच्या क्लासवर घालवावेत. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर फ्रेंचवाल्यांचा कटऑफ ३३६ होता. आमच्या घरातली एक जण रोज पहाटे भांडी घासताना ‘जे, तू, इल’ म्हणते. आम्ही तिला हसायचो, आता हसत नाही.

ताऱ्यांचं उत्तर मी अजून पाठवलं नव्हतं तेवढ्यात त्याच नंबरवरून दुसरा मेसेज आला: ‘मॅडम, सिटिझनशिप फाइलवर दहा टक्के सूट, फक्त जुन्या क्लायंटसाठी.’ मी साइटवरचं दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर उघडलं. पाच वर्षांत १,०९५ दिवस हवेत, पीआरच्या आधीचे दिवस अर्धे धरतात आणि तेही जास्तीत जास्त ३६५. माझे ते ३६५ पूर्ण भरतात, राहिले ७३०. डिसेंबरात तीन आठवडे घरी जाणार आहे, ते वजा. तारीख आली मार्च २०२७ च्या शेवटच्या आठवड्यातली. वहीत लिहून ठेवली आणि मुलाला कळवलं, सूट नको.